वैजापूरला आधी कोण जाणार

अण्णा,

परवा मी वैजापूरला मामांकडे जाऊन आले. त्यांना न कळवता, फोनसुद्धा न करता. ते तुम्हाला सांगायचं म्हणून सकाळपासून जेवणाच्या टेबलाशी बसले आहे. गारखेड्यातलं हे घर तुम्ही पाहुण्यारावळ्यांच्या हिशोबानं बांधलंत, आणि आता त्यात मी एकटी राहते. तुम्ही गेलात, आई गेली, हे गेले, लेक परदेशात. तो रविवारी फोन करतो आणि जेवलीस का विचारतो, मी हो म्हणते. कामवाल्या बाई भांडी घासून गेल्या की त्यानंतर दारावरची बेल वाजली तर ती कुरिअरवाल्याची. माहेरचं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं आणि त्याच्याशी आपलं येणंजाणं बंद. मामांनी अंथरूण धरल्याचं कानावर आलं तेव्हा वाटलं, आता नाही गेले तर पुढे जायला कोणी उरणारच नाही.

तुम्ही मला आठवता ते वाळूजला. कापसातून सरकी काढायच्या जिनिंग यंत्रांचे सुटे भाग करायचा आपला कारखाना, लेथचा आवाज इतका की ऑफिसातही ओरडून बोलावं लागायचं. मी कॉलेज संपवून नुकतीच तुमच्या हाताखाली आलेली. एका गिऱ्हाइकाला फोनवर "बघू, कळवते" म्हणाले, तर तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर कडाडलात, "हो म्हण, नाय तर नाय म्हण! बघू म्हणणाऱ्याच्या दारात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नसतं." माझे डोळे भरून आले. दुपारी डबा खाताना तुम्ही तुमच्या वाटणीचा अर्धा ठेचा माझ्या ताटात सरकवलात. असे होतात तुम्ही, एक घाव दोन तुकडे. राग आला तर तोंडावर, माया आली तर ताटात.

आपला माल ज्या लहानशा थंड देशातल्या यंत्र-कारखान्यांना जायचा, तिथंच सरकारनं तुम्हाला राजदूत म्हणून पाठवलं, तेव्हा हत्तीवरून साखर वाटायची तेवढी बाकी राहिली होती. सगळ्यांत जास्त नाचले ते मामा. वैजापूरच्या मार्केट यार्डात त्यांची कांद्याची अडत, त्यांनी भर लिलावात पेढे वाटले. "आमचे दाजी आता देशाचं तोंड झाले," असं हमालांनासुद्धा सांगत फिरले. मी कारखाना सांभाळायला मागं राहिले. एकदाच आले तिकडे. बाहेर बर्फ, आत आई स्वयंपाकघरात खिडक्या लावून तव्यावर मिरच्या परतते आहे, आणि छतावरची कसलीशी घंटा ठणाणा करायला लागते. आग विझवणारे दोन दांडगे जवान दारात हजर. आई कोपऱ्यात तोंडाला पदर लावून उभी, आणि तुम्ही सुटाबुटात त्यांना आत बोलावता, टेबलाशी बसवता, भाकरी आणि तोच ठेचा वाढता. ते घामाघूम होऊन हसतात. मला तुमचा इतका अभिमान वाटला होता त्या दिवशी. आई मात्र रात्री पोळपाट धुताना म्हणाली, "इथं भिंतीशी बोलावं तर भिंतीलाबी मराठी येत नाय."

त्या नोकरीत तुम्ही एक गोष्ट शिकलात. कुणाच्याही दारी स्वतः आधी जायचं नाही. माणूस पाठवायचा, अंदाज घ्यायचा, स्वागत होईल याची खात्री पटली की मग पाऊल टाकायचं. "राजदूतासमोर दार बंद झालं तर ते देशाच्या तोंडावर बंद होतं," असं तुम्ही मला समजावलं होतं. पटलंही मला. फक्त तुम्ही ती रीत परत येताना सोबत घेऊन आलात.

माझ्या लग्नात जेवणाच्या टेबलांवर तुम्ही नावांच्या चिठ्ठ्या ठेवल्यात. कोण कुठं बसणार याचा नकाशा तुम्ही आठवडाभर काढत होतात. मामांनी मला हाताला धरून बोहल्यावर आणलं, अंतरपाटामागं माझ्या पाठीशी उभे राहिले, आणि जेवायला आले तर त्यांची चिठ्ठी दूरच्या टेबलावर, यार्डातल्या व्यापाऱ्यांत. व्याह्यांशेजारी कुणी तरी सचिव. तुमच्या मनात काडीचं पाप नव्हतं, मला ठाऊक आहे. एका धंद्यातली माणसं एकत्र बसली की गप्पा रंगतात, असं तुमचं गणित. पण नवरीच्या मामाचा मान व्याह्याच्या मांडीला मांडी लावून बसण्याचा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मामांनी चिठ्ठी वाचली, फेटा सारखा केला आणि न जेवता निघून गेले. आई मांडवाच्या दारापर्यंत त्यांच्यामागं धावली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही गेला असतात तर चार शिव्या खाऊन, पोटभर जेवून परत आला असतात. तुम्ही कारखान्याच्या मॅनेजरला पाठवलंत. शाल आणि मिठाई देऊन, "साहेब आले तर चालेल का?" असं विचारायला. मामा म्हणाले, "विचारून येत असतेत व्हय सोयरे? त्यांची मर्जी." मॅनेजरनं ते जसंच्या तसं येऊन सांगितलं. मी मांडवपरतणीला आलेली; मी आणि आई एकदम म्हणालो, झालं, बोलावलं की! तुम्ही मान हलवलीत. "हे बोलावणं नाही. हा थंड प्रतिसाद आहे. थोडा काळ जाऊ द्यावा." आई उसळली, "माझ्या भावाचं बोलणं मला कळंना आन् तुम्हाला कळतंय का?" तुम्ही म्हणालात, "बघू."

त्या एका शब्दासाठी मला तुमचा अजून राग येतो, अण्णा. भाऊबीजेला आई एकटी वैजापूरला जायची. तुम्ही गाडी पुसून घ्यायचात, मामांसाठी फळांची पेटी स्वतः मागच्या सीटवर ठेवायचात आणि फाटकाशी उभे राहायचात. संध्याकाळी ती परत आली की विचारायचात, "काही म्हणाला का?" ती म्हणायची, "जेवलीस का, म्हणलं त्यानं मला, मी हो म्हणलं. दुसरं काय म्हणणार?" तुमचं वय झालं, कारखाना माझ्याकडे आला. दुपारभर तुम्ही ओसरीत बसायचात आणि फाटक वाजलं की मान वर करायचात. मयताला बोलावणं लागत नाही, म्हणून मामा तुमच्या मयताला आले. तिरडीला खांदा दिला आणि कुणाशी न बोलता एसटीनं परत गेले.

परवा मी त्यांच्या ओट्यावर चढले तेव्हा ते खाटेवर पडून होते. "कोन हाय?" म्हणाले. मी सांगितलं. मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवणार. ते सुनेला हाक मारून म्हणाले, "भाची आली, पिठलं टाक." मी जेवून हात धुतले. मग म्हणाले, "दाजी कामून नाय आले गं तव्हा? म्या लई वाट पाह्यली." मी म्हणाले, त्यांना वाटलं तुम्हाला ते नको आहेत. मामा उठून बसायला लागले. "मला नको? आरं, येडा का खुळा! समुद्रापल्याड जाऊन आला गडी, आन् त्याला वैजापूरला येता आलं नाय?" आणि ते हसले, अण्णा. हसता हसता खोकल्याची उबळ आली, मी पाठ चोळली. निघताना त्यांनी सुनेला माझी ओटी भरायला लावली. ती बिचारी घुटमळली, माझं कपाळ बघून. मामा म्हणाले, "माहेराला काय करायचं त्याचं? भर."

त्याआधी त्यांनी मला एक विचारलं होतं. "शेवटाला माझं काही नाव काढलं का दाजींनी?" मी म्हणाले, हो, मामा. वैजापूरला जायचं राहून गेलं, असं म्हणाले. त्यांनी तोंडावर उपरणं ओढलं आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. पण माझं रडणं वेगळं होतं. ते का, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, लेकालाही नाही, आणि हा कागदही कुणाच्या हाती देणार नाही.

ते वाक्य मी रचलं होतं. शेवटच्या दुपारी दवाखान्यात मी तुमच्या तोंडाशी कान नेऊन बसले होते, काही तरी म्हणाल म्हणून. तुम्ही मामांचं नाव घेतलं नाहीत, माझंही नाही. पंखा बारीक करायला सांगितलंत, तेवढंच. तेही मला नाही, नर्सला.