टीव्हीवर धडधडलेलं मशीन

प्रिय आई,

मी मजेत आहे. टीव्हीवर आमच्या कारखान्यात आलेल्या उमेदवाराच्या मागे उभा होतो तो मीच. वाळलेलो नाही गं, हेल्मेटच मोठं होतं. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्या बाजूला खिळ्यांचं मशीन धडधडत होतं ना, ते रिकामं होतं. कुणाला सांगू नकोस. खिळे ज्या परदेशी तारेपासून बनतात, तिच्यावर सरकारने कर वाढवल्यापासून तार परवडतच नाही. "नुसतंच फिरवा, टीव्हीवर आवाज यायला हवा," मालक म्हणाले. आणि हा बाबा तोच कर दुप्पट करून आम्हाला वाचवणार म्हणे! आम्ही टाळ्याही वाजवल्या.

आधी विरोधी पक्षाचा उमेदवार येऊन गेला, त्याचंही म्हणणं तेच. "दोघंही आपल्याला वाचवायला निघालेत, आता आपलं काही खरं नाही," माझ्या सोबत काम करणारा वेंडेल माझ्या कानात पुटपुटला. अगं, तार कुठून घ्यायची ते आमचं आम्हाला ठरवू द्या, एवढंच मागणं आहे. त्याला कोण टाळ्या वाजवणार?

अंगणातली त्या टीव्हीवाल्या उमेदवाराची प्रचाराची पाटी राहू दे, शेजारी उगाच बोलतील. ती ठोकून उरलेले आमचे खिळे मात्र जपून ठेव. काल मशीन भंगारात गेलं.

तुझा, अजून न वाळलेला,
गॅरेट