न्हाणीघराबाहेरचं स्टूल

ललितपूर, माघ १२ गते

पूज्य न्हुच्छेरत्न दाजूंना अष्टमानचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व कुशल आहे असं लिहायचा रिवाज आहे, आणि टपाल खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाने रिवाज मोडू नये, म्हणून लिहिलं. गुडघे, दात आणि हवा या तिन्हींबद्दल न बोललेलंच बरं. तुमचा दमा कसा आहे? बुटवलला ऊन पडतं असं ऐकतो. आमच्या गल्लीत ते अकरा वाजता डोकावतं आणि आमच्या दारापर्यंत यायच्या आत माघारी फिरतं. तुमची बहीण हेरा ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे. (फोनवर का नाही सांगितलं, म्हणाल. या घरात फोनवर बोललेलं चारही मजल्यांवर ऐकू जातं, आणि जे लिहितोय ते हेराने ऐकू नये असं आहे.)

दसऱ्याला तुम्ही दुकानातला गॅसचा गिझर पाठवलात, बहिणीच्या सांध्यांना ऊन पाणी मिळावं म्हणून. उपकार आहेत. तो खोलीबाहेरच बसवावा, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं होतं म्हणे. मी वाचलं नाही. आयुष्यभर पाकिटांवरचे पत्ते वाचले, आतलं वाचायची सवयच लागली नाही. कोपऱ्यावरच्या नळवाल्याने तो गच्चीलगतच्या न्हाणीघरात, आतल्याच भिंतीवर ठोकून दिला आणि फार झकास दिसतो म्हणाला. मग पुसाची थंडी लागली. खिडकीच्या फटींतून बोचरा वारा येई, म्हणून मी स्वतः, याच हातांनी, त्या फटींत जुन्या स्वेटरची लोकर कोंबली आणि वरून प्लास्टिक चिकटवलं. जन्मात एखादं काम इतकं नीट केलं नव्हतं. मुंगीलाही आत यायला जागा ठेवली नाही.

आता मधलं एक सांगायला हवं. तुम्हाला ते माहीत आहे, पण माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीत. सहा वर्षांपूर्वी आमच्या रश्मिलाने त्या परजातीतल्या तामांग मुलाशी लग्न केलं, तेव्हा मी म्हणालो होतो की या घरात मुलीचं नाव निघता कामा नये. हेरा शांतपणे म्हणाली, "मग तुमच्याशी माझा दुसराही शब्द निघणार नाही." मला वाटलं, आठवडाभर टिकेल. दाजू, सहा वर्षं झाली. भांडण नाही, आदळआपट नाही, जेवण वेळेवर. बोलायचं ते मांजराशी. "मांजरा, तांदूळ संपलेत," असं ती मांजराला सांगे, मी पिशवी घेऊन निघे, आणि दारातून मांजरालाच विचारी की बारीक हवेत की जाडे. (मांजर या मानपानाने फार फुगलंय. जिना चढताना आता दोनदा बसतं.) रश्मिला बागमती नदीपलीकडे, तासाभराच्या वाटेवर राहते. एकदा तिने नवऱ्याचा फोटो पाठवला म्हणे. मी पाकीट न उघडता त्यावर 'घेण्यास नकार' लिहून परत टाकलं. अक्षर तेव्हाही सुरेख आलं होतं.

तर पुसाचा पहिला शनिवार. हेरा अंघोळीला गेली, मी गच्चीत टोपी कानांवर ओढून बसलो होतो. पाणी वाहत होतं, लोट्याचा आवाज येत होता. मग लोट्याचा आवाज थांबला. पाणी वाहतच होतं. दाजू, ते माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी हाक मारली नाही. सहा वर्षं दोघांनी निगुतीने सांभाळलेला अबोला, तो मीच आधी का मोडावा? मी खोकलो. मग मांजराला मोठ्याने म्हणालो, विचार बरं तिला, सगळं ठीक आहे ना. मांजर माझ्याकडे बघत राहिलं. मी पुन्हा खोकलो. डॉक्टरांनी नंतर विचारलं तेव्हा मी दोन मिनिटं सांगितली. पाच होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, आणि सांगितल्याशिवाय घास गिळवत नाही, म्हणून तुम्हाला लिहितो.

शेवटी दाराला खांदा दिला. दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली (कडीही मीच बसवलेली होती, देवाची कृपा). तिला गच्चीत ओढून आणलं आणि "हेरा, हेरा" म्हणून ओरडलो, ते खालच्या चौकातली माणसं वर आली इतकं. तिने डोळे उघडले आणि माझ्या अंगावर ओकली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. दवाखान्यात तिला दिवसभर प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या खोलीत ती ज्योत सगळी हवा खाते आणि जो विषारी वायू सोडते त्याला ना वास, ना रंग. अजून पाच मिनिटं गेली असती तर... गिझर तेव्हाच बंद केला. घरी येऊन लोकर उपसली, प्लास्टिक फाडलं.

डॉक्टरांनी आणखी एक बजावलं होतं. हिला चक्कर येत राहील, अंघोळीला एकटं सोडू नका, बाहेर बसून मिनिटामिनिटाला हाक मारा. घरात माणसं दोन, त्यातलं एक आत. मांजराकडून हे काम होईना. तेव्हा मी स्टूल घेऊन न्हाणीघराच्या दाराशी बसू लागलो. ती चुलीवर तापवलेलं पाणी घेऊन आत जायची. मी विचारायचो, आहेस का? ती म्हणायची, आहे. अंघोळीला पंधरा मिनिटं लागत, म्हणजे पंधरा वेळा. सहा वर्षांत इतकं बोलणं झालं नव्हतं. चार दिवसांनी तेच तेच विचारायची मला लाज वाटू लागली, म्हणून पाणी पुरेसं ऊन आहे का असं विचारलं. आहे, म्हणाली, आणि आपणहून वर म्हणाली की साबण संपत आलाय. हे खरं तर मांजराच्या खात्यातलं बोलणं. बाहेर आली की मात्र पुन्हा अबोला. डोक्याला टॉवेल गुंडाळून समोरून निघून जायची.

मग तुम्ही तुमच्या ओळखीचा मिस्त्री धाडलात. कानटोपी, तोंडाला फडकं, धुळीमुळे इथे सगळेच बांधतात, पण माणूस लाखात एक. गिझर उखडून बाहेर गच्चीच्या भिंतीवर आडोशाला टांगला, फक्त गरम पाण्याची नळी आत घेतली. सांध्यासांध्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. गॅसच्या रबरी नळीवर मुदत छापलेली असते हे मला माहीत नव्हतं; आपली कधीच संपलेली होती, ती बदलली. ज्योत निळी असली तर ठीक, पिवळी दिसली तर बंद करून बोलवा, अंघोळ झाली की सिलिंडरचा खटका बंद, असं माझ्याकडून पाठ करून घेतलं. खिडकीकडे बघून म्हणाला, "बा, काम सुबक केलं होतंत, पण ही परत कोंडलीत तर मी येणार नाही, पोलीस येतील." मला राग आला नाही. मी स्वतः चार मजले चढून चहा नेला, दुसऱ्यांदा विचारून नेला. जाताना पाया पडला. हल्ली कोण पडतं? (जात विचारायची राहून गेली. म्हातारपण.) म्हणाला, आता आई तासभर गात बसल्या तरी काळजी नाही.

संक्रांतीच्या दिवशी ती आत होती. मी नेहमीसारखं विचारलं. आतून पाण्याचा आवाज थांबला आणि ती म्हणाली, "रश्मिलाला मुलगी झालीय. चार महिन्यांची आहे." बराच वेळ गेला असावा, कारण आतून तिने विचारलं, "आहात का?"

मी म्हणालो, आहे.

त्या दिवशी ताटात तीळ आणि चाकू दोन्ही जास्त वाढलेले होते. (चाकू म्हणजे आपला तो उसाच्या रसाचा घट्ट गूळ, तुम्ही मागच्या वर्षी दोन भेल्या नेल्यात तो.) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अष्टमान

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गिझर आता निर्धोक आहे हे मी हेराला सांगितलेलं नाही. मिस्त्री म्हणाला बाहेर माणूस हवाच, असं सांगितलंय. तुम्ही गॅसच्या धंद्यातले, तुमचा शब्द ती मानते. तिने विचारलं तर सांगा की वर्षभर तरी पहारा लागतो. दोन वर्षं म्हणालात तरी चालेल.

ता. क. दुसरा. रश्मिला तुमच्याशी बोलते हे मला माहीत आहे. लहान मुलीला ऊन पाणी लागतं, ते इथे आहे, एवढंच तिच्या कानावर घाला. तिच्या समोर उभं राहून काही बोलणं मला जमणार नाही. पण ती आत असली तर मी तसाही बाहेर स्टुलावरच असतो.

ता. क. तिसरा. गोंद वाळलाय. पाकीट भाताने चिकटवायला हेराकडेच द्यावं लागेल. काळजी नसावी, ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही.

दाजू, हेराचा नमस्कार. दुसऱ्याचं पत्र मी वाचत नाही, पण यात जिथे तिथे मीच आहे, म्हणून वाचलं. गिझर निर्धोक आहे हे मला तीन आठवडे माहीत आहे. मिस्त्रीने मला आधी सांगितलं, त्यांना नंतर. त्याच्या गरम पाण्याच्या नळीवर मी रोज टॉवेल वाळत घालते. तो मिस्त्री म्हणजे आपला जावई दावा, रश्मिलाचा नवरा, हे तुम्हाला माहीत आहेच, तुम्हीच त्याला धाडलंत. यांना अजून कळू देऊ नका. दोनदा चहा दिलाय, डोक्यावर हात ठेवलाय, आता परत घेता येणार नाही.

पाच मिनिटांचं मला माहीत नव्हतं. वाचून जिन्यात बसून राहिले. पण एक त्यांनाही माहीत नाही. पहिला खोकला मला ऐकू आला होता. मांजराला विचारलेलंही ऐकलं. डोकं गरगरत होतं, पण तोंडातून शब्द निघाला असता. नावाने हाक मारतील तेव्हाच ओ देईन, म्हणून गप्प राहिले.

येत्या शनिवारी रश्मिला बाळाला घेऊन येतेय. आल्या आल्या तिला अंघोळीला पाठवणार आहे. यांना काही सांगत नाही. पाणी सुरू झालं की ते स्टूल घेऊन येतीलच.