सहा कप भरलेले, एक रिकामा

प्रिय मैसून,

प्रिय लिहिलंय ते सवयीनं. आज समोर असतीस तर कानाखाली वाजवली असती, तुझ्या बक्षिसाचाही मुलाहिजा ठेवला नसता. तुझा फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. तिकडे तुझा बाप फव्वाज खाटेवरून ओरडतो, "स्पीकरवर ठेव, माझ्या बहिणीचा आवाज ऐकू दे." आणि मला जे बोलायचंय ते त्याच्या कानावर पडायला नको. म्हणून हे पत्र शेजारच्या आबीरच्या हाती देतेय. ती तुमच्याच लंडनात नर्स आहे, उद्या अम्मानहून विमानात बसेल. एकटी असशील तेव्हाच वाच.

तुझी कादंबरी अरबीत आली आणि गावात पोचली. शाळेतल्या बाई रोज दुपारी आमच्या अंगणात ती वाचून दाखवायच्या, आणि आम्ही बायका द्राक्षाच्या पानांत भात भरत ऐकायचो. पहिले दोन दिवस मी काय मिरवले म्हणून सांगू. माझी भाची, चोविसाव्या वर्षी पहिलं पुस्तक, दुसऱ्याला तर इंग्रजांनी बक्षीस दिलं. द्राक्षांची काकवी उकळता उकळता सगळ्यांचा उद्धार करणारी ती आत्या म्हणजे मीच, हे कळल्यावर बायका पोट धरून हसल्या. उम्म हाझेम म्हणाली, "पोरीनं तुला बरोब्बर पकडलंय गं." तिसऱ्या दिवशी ते पान आलं. आत्या एका परक्या दलालाला घरात बसवते, वरचा मळा त्याला विकते, आणि महिन्याभरात तिथे काटेरी कुंपण पडून आपला मुलूख बळकावून बसलेल्यांची वसाहत उभी राहते. बाई वाचता वाचता थांबल्या. उम्म हाझेमनं हातातलं पान अर्धवट भरलेलंच टोपलीत टाकलं, हात धुतले आणि घरी गेली.

तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. आपल्याकडे चोराला माफी आहे, खुन्याच्या घरच्यांशीही समेट होतो. जमीन त्यांना विकणाऱ्याला मात्र माफी नाही. त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही आणि मेल्यावर त्याला गावच्या कब्रस्तानात जागा मिळत नाही. अठरा वर्षं सगळं गाव समजत होतं की वरचा मळा त्यांच्या लष्करानं बळकावला. याच बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आता माझी काकवी घ्यायला कुणी येत नाही. आणि तू तिकडे मी कशिदा भरलेलं जाकीट घालून मुलाखती देत बसतेस, "माझ्या सगळ्या गोष्टींचं मूळ माझी आत्या." मूळ म्हणे. छापायच्या आधी त्या मुळाला एक फोन करायला काय झालं होतं तुला?

हे तू कुठून उचललंस ते मला पक्कं ठाऊक आहे. अकरा वर्षांची होतीस. उन्हाळ्याच्या सुट्टीत वही घेऊन घरभर फिरायचीस, "आत्या, हे असं का, ते तसं का" करून जीव खायचीस. मीच तुला सांगितलं होतं की काही मागायला आलेला पाहुणा कॉफीला हात लावत नाही, यजमानानं हो म्हटलं तरच कप उचलतो. त्या दुपारी तू अंगणातून आत आलीस तेव्हा तो सुटातला माणूस निघाला होता. माझ्या एका हातात कागद होता आणि दुसऱ्या हातात त्याचा रिकामा कप. झालं. कप रिकामा, म्हणजे आत्या हो म्हणाली. लंडनच्या तुझ्या मैत्रिणींना तिथे नुसता उष्टा कप दिसला असता. तुला आख्खा सौदा दिसला, कारण मीच तुला शहाणं करून ठेवलं होतं. कागदावर सही कुणाची आहे ते तू बघितलं नाहीस, आणि तुला तेव्हा अरबी वाचताही येत नव्हतं.

गेल्या शुक्रवारी नमाजानंतर गावची सात माणसं आली. सगळ्यांत म्हातारा अबू नायेफ पुढे बसला. मी कॉफी ओतली, सातही जणांनी कप खाली ठेवले. अबू नायेफ म्हणाला, "रस्मिया, वरचा मळा कुणी विकला ते सांग. तोवर आम्ही पिणार नाही." माझ्या बापाच्या मांडीला मांडी लावून बसलेली ही माणसं, माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांना मी उत्तर दिलं. आणि दोनच दिवसांनी तुझा निरोप आला, की तू वकील लावतेस, जमिनीचे कागद काढतेस, वर्तमानपत्रात लिहून माझं नाव धुऊन काढतेस. फार लवकर सुचलं गं तुला.

कागद काढलेस तर त्यावर तुझ्या बापाची सही निघेल. मळा आईनं त्याच्या नावावर केला होता आणि त्यानंच विकला. घेणारा अम्मानचा, आपल्यातलाच आहे, असं मला म्हणाला. तो खोटं बोलला की स्वतःच फसला, हे मी अजून विचारलेलं नाही. त्या दुपारी हो तोच म्हणाला होता, मी फक्त कप उचलायला गेले होते. अठरा वर्षं माझा त्याच्यावर राग आहे आणि तो जाणार नाही. पण डॉक्टरांनी त्याला महिना दिलाय, आणि आपल्या फोनवरून तो मला रोज एकच विचारतो, "आईशेजारी जागा आहे ना गं?" म्हणून मी त्या सातांना सांगितलं, मळा मी विकला. वर म्हटलं, फव्वाजला यातलं काही माहीत नाही, त्याला आईशेजारी पुरू द्या, एवढंच माझं मागणं आहे. सहा जण कप तसेच ठेवून उठले. अबू नायेफ बराच वेळ बसून राहिला. मग त्यानं ती गार कॉफी एका घोटात संपवली आणि माझ्याकडे न बघता गेला. त्याचा अर्थ तुला सांगायला नको, फव्वाजला आईशेजारी जागा मिळेल. तेव्हा वकील नको आणि लेखही नको. कुणी विचारलं तर सांग, मी लिहिलं ते खरं आहे. वेळ आली की फव्वाजला घेऊन ये. उम्म हाझेमकडे उतर, माझ्या घरी पाणीसुद्धा पिऊ नकोस. लोक बघत असतील.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
रस्मिया आत्या