गळ्यावरचा हात

प्रिय बाय,

आज लिहायला बसले, कारण काल तुझ्या लेकीच्या, सुरेखाच्या तोंडून तुझंच वाक्य ऐकलं. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. मी ते कधी कुणाला सांगितलेलं नाही. मग तिला कुणी सांगितलं?

आठवतं? तापात तुला पहिल्यांदा पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि पोशेऱ्याला घरी पोचेपर्यंत अंगभर गांधी उठल्या. चुलीपाशी बसून तू विचारलंस, "मंदे, माझ्या गल्यावं कोन हात फिरवतंय?" घरात आपण दोघीच होतो गं.

भगतमामाने तांदूळ पाहिले. नदीतल्या आसरांनी धरलंय म्हणाला. तुझं नदीवर जाणं बंद झालं. आणि भगताने एकदा नाव काढलं की ते बाहेर बोलायचं नाही, ही आपली रीत! पुढच्या तापात डॉक्टरांनी विचारलं, आधी इंजेक्शनचा त्रास झाला होता का? तू नाय म्हणालीस. का, बाय? नदी टाळत राहिलीस आणि सुईपुढे दंड धरलास. दवाखान्याच्या बाकावरून तू उठलीच नाहीस. मला अजून तुझा राग येतो.

आता सुरेखाच्या हृदयाची झडप सांधेतापाने बिघडलीय. तेच इंजेक्शन तिला वर्षानुवर्षं घ्यायचं होतं. पण लहानपणी त्याच जातीच्या गोळीने तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं. डॉक्टर अडले. द्यावं तर तुझ्यासारखं व्हायचं, न द्यावं तर हृदय जायचं.

म्हणून तिला नाशिकला आणलं, मी काम करते त्या प्रयोगशाळेत. इथे औषध अंगाला लावतसुद्धा नाहीत. रक्त काढायचं, थोडं साध्या पाण्यासारख्या द्रावणात, थोडं औषधात मिसळायचं. औषधावर उठणाऱ्या पेशी त्यात असतील तर त्या जाग्या होतात. यंत्र एकेक पेशी तपासतं आणि जाग्या पेशींचे ठिपके पडद्यावर वर चढतात.

साध्या द्रावणाची नळी शांत होती. दुसरीचे ठिपके वर चढू लागले, चढतच राहिले. अंगाबाहेरचं रक्त, बाय, आणि त्याला सगळं आठवत होतं!

बाहेर आले तर सुरेखा बाकावर बसून गळा चोळत होती. तिच्या अंगात औषधाचा थेंबही नव्हता.

"मावशी," ती म्हणाली, "माझ्या गल्यावं कोन हात फिरवतंय?"

तिच्या शेजारी कुणी नव्हतं. तरी मी बाकावर जागा सोडूनच बसले.

डॉक्टरांनी वेगळ्या जातीच्या गोळ्या सुरू केल्यात. पोशेऱ्याला गेले की भगतमामापुढे बसेन. तांदूळ हातात घेण्याआधी कुठली गोळी, कुठली सुई घेतली ते विचारायचं, हे त्याच्याकडून कबूल करून घेईन. आणि सुरेखा प्रत्येक दवाखान्यात त्या औषधाचं नाव मोठ्याने सांगेल. हा माझा शब्द.

आम्हाला कळलं, बाय. आता तिच्या गळ्यावरचा हात काढ.

तुझी धाकटी बहीण,
मंदा