प्लास्टरवरचा पदर

६ ऑगस्ट
डावं मनगट मोडलं. नवरा तलासरीला भावाकडे राहतो, तिथून आला तोच पिऊन. केस मागे घे म्हणाला, घर खाली कर. म्हटलं, नाही करत जा. वल्ह्याचा दांडा उचलला मेल्याने. पहिला फटका चुकवला, दुसरा हातावर. कट्‌ असा आवाज. चिनू दारात उभी होती. दहावीतली लेक माझी, सगळं बघितलं तिने. डहाणू कोर्टाने त्याला लिहून दिलंय, बायकोला हात लावायचा नाही. तो कागद कपाटात घडी करून ठेवलाय मी!
डॉक्टरांना सांगितलं, धक्क्यावर पाय घसरला. का सांगितलं? लाज. दुसरं काय.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
खलाशांच्या बायका सकाळीच दारात. होडीला हळदकुंकू मालकिणीच्याच हातचं लागतं, नाहीतर त्यांची माणसं चढत नाहीत. "वहिनी, तुमचं भांडण तुमच्यापाशी. आमची माणसं समुद्रात जातात." गेले. हिरवी साडी, नथ. तो शेजारी उभा, अंगाला अत्तर. होडीवर माझं नाव होतं, ते पत्र्याने खरवडलंय त्याने. चिनू फोटो काढायला लागली. मीच म्हटलं, थांब गं, आधी प्लास्टरवर पदर घेते. आणि हसले पण.
कुणाच्या घरधन्याचं वाईट होऊ नये म्हणून गेले. बस्स.

११ सप्टें. डहाणू
माझी मारहाणीची केस. त्याच्या वकिलाने पौर्णिमेचा तोच फोटो पुढे केला, खलाशांच्या ग्रुपवर फिरलेला. "साहेब, बघा, सुखाचा संसार. कसली मारहाण?" दवाखान्याचा कागदही आणलेला. त्यात पाय घसरला, माझेच शब्द. साहेबांनी विचारलं, मारताना कुणी पाहिलं? म्हटलं, कोणी नाही.
चिनूला यात ओढणार नाही. मेले तरी.

२४ सप्टें. पालघर
इथे त्याची केस, घटस्फोटाची आणि घराची. इथे शपथेवर म्हणतो, बायको दोन वर्षांपूर्वीच घर सोडून गेली, तेव्हापासून तोंड पाहिलं नाही, तिला घरात शिरू देऊ नका. अगं बाई! तिकडे सुखाचा संसार आणि इकडे तोंड पाहिलं नाही. माझ्या वकीलबाईंनी यंदाच्या पौर्णिमेचा तोच फोटो इथे दाखल केला. होडी आमच्या अंगणापुढेच ओढलेली होती, मागे आमचं निळं दार स्वच्छ दिसतं. त्याचा वकील फाईलमध्ये तोंड खुपसून बसला. लई बरं वाटलं.
बाहेर जिन्यावर त्याने केस धरले, चार पायऱ्या ओढत नेलं. शिपाई धावला म्हणून वाचले. "घर मिळेल तुला. जिवंत राहिलीस तर."

४ ऑक्टो.
भर दुपारी कोयता घेऊन आला. बोंबील टांगलेले सगळे बांबू तोडले. मी बोंबील उचलायला धावले, मूर्ख बाई. पोटात लाथ. श्वासच घेता येईना. चिनू मध्ये पडली. कोयत्याची मूठ तिच्या कपाळावर. रक्त डोळ्यात, तरी त्याचा हात सोडेना पोरगी. शेजाऱ्यांनी ओढून काढला त्याला.
चार टाके. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत चिनू म्हणाली, "पप्पांनी मारलं."
मला त्याला ठार मारावंसं वाटतं. त्याच दांड्याने. लिहून ठेवते, म्हणजे हात शांत राहील.

८ ऑक्टो.
पोलिसांनी नेला होता. सुटला. जामीन. आज होडीवर दिसला, जाळं आवरत, काही झालंच नाही असा.

१३ ऑक्टो.
उद्या तारीख. दोन्हीकडे! डहाणूला अकराला, पालघरलाही अकराला. वकीलबाई पालघर बघणार, नाहीतर घर एकतर्फी जाईल. डहाणूला मी एकटी. फोनवर म्हणाल्या, "ताई, वल्ह्याने मारताना पाहिलेलं कोणीतरी हवं. तुमच्या शब्दावर आता भागणार नाही."
फोन ठेवून आत आले, तर चिनू शाळेचा ड्रेस इस्त्री करत होती. म्हटलं, उद्या सहामाहीचा पेपर ना गं?
"कोर्टात काय घालतात मग?"
टाक्यांवर केस ओढून घेतले होते तिने, काही दिसू नये म्हणून. पिन आणली आणि मागे लावून दिले. अजून हो म्हटलेलं नाही मी.