कुलूप आधी काढ

३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

प्रयोगशाळेतल्या पेशींची दिवसातून दोनदा चौकशी करतेस, आत्याची महिन्यातून एकदा. असो.

तुझ्या बापाचं वजन चार किलोंनी उतरलंय. मंगळवारपर्यंत थोडंही वाढलं नाही तर केमोचा पुढचा डोस देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिथे आहार सांगायला एक पोरगी बसते. साखर, भात, बटाटा का बंद केलात म्हणून तिने मलाच फैलावर घेतलं. मला! वसतिगृहात तीनशे मुलींची जेवणं सांभाळून निवृत्त झालेय मी. तिच्यापुढे तुझं पत्र आपटलं. साखर तोडताच कर्कपेशी दोन दिवसांत पटापट मेल्या, असं तूच लिहिलंयस. पुढे उद्गारचिन्हं तीन. नन्सच्या हाताखाली शिकले मी, लेखी शब्द प्रमाण मानते. फडताळाला कुलूप घातलंय. तो चकार शब्द काढत नाही. डॉक्टरांना चार खरमरीत ओळी पाठव.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
आत्या

६ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कुलूप आधी काढ, मग पुढे वाच.

काढलंस? त्या पेशी काचेच्या बशीत होत्या गं. बशीला यकृत नसतं, स्नायू नसतात. बाबांना आहेत. खाणं तोडलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून रक्तात साखर पुरवतं. गाठीला तिचा वाटा मिळतोच, झिजतात ते बाबा.

शिवाय सगळ्या मेल्याही नाहीत. काही आपल्याच आतलं किडूकमिडूक पचवून तगल्या आणि दुसऱ्या अन्नावर जगायला शिकल्या. त्यांना मारायला शेवटी औषधच लागलं. पहिल्या आनंदात तुला लिहून बसले, पुढचं लिहायची लाज वाटली. खरमरीत ओळी मलाच लिही.

रागावलीस तरी माया असू दे.
भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्यासाठी काढलेली शाई माझ्यावरच संपली. नोकरी, लग्न, मिशा, कशातही या माणसाने माझं ऐकलं नाही (तुझ्या आईबाबत मीच चुकले होते, तिला सांगू नकोस). साठ वर्षांत ऐकलं ते नेमकं हे.

काल काट्यावर सहाशे ग्रॅम जास्त भरला. डोस मिळाला. सुई टोचून झाल्यावर नर्सच्या देखत त्याने मला विचारलं, ताई, आता भूक लागली असं म्हणायची परवानगी आहे का? मी त्याला आगाऊ म्हटलं आणि तडक खाली कँटीनला गेले. महिनाभर तो भुकेला होता गं, आणि मला वाटत होतं, शिस्त लागली.

लोभ आहेच. तो टिकवायचा तर अर्धी पत्रं टाकू नकोस.
आत्या