सातव्या ओळीतली तिसरी केळ

असोदा, ता. २८ मार्च १९५८

ती. रुपचंदभाऊंना असोद्याहून तोताराम मास्तरचा रामराम.

आपला गुडघा आता जिना चढू देतो की अजून खालच्याच खोलीत मुक्काम आहे, ते कळवावे. वहिनींचा दमा उन्हाने बरा असेल. चि. लताच्या लग्नाची तयारी जोरात असेलच. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्ताला, आता पुरता महिनाही उरला नाही. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, फक्त माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले आहेत आणि कमरेने गेल्या सोमवारपासून माझे ऐकणे सोडले आहे. कारण पुढे येईलच.

पत्र लिहिण्याचे निमित्त असे की मला एक यंत्र निवडून हवे आहे. जमिनीत पुरलेला धातू दाखवणारे, वजनाला हलके, नवशिक्याला चालवता येईल असे आणि पेन्शनीतल्या मास्तराला परवडेल असे. आपण धुळ्यात मोटारींच्या वर्कशॉपात वीस वर्षे काढलीत. माझा यंत्रांशी संबंध शाळेच्या घंटेपुरता, आणि ती घंटाही शिपाई वाजवीत असे. तेव्हा आपल्याशिवाय विचारणार कोणाला? सुगंधाला मी सांगितले आहे की सातपुड्याकडून वाहून आलेल्या मातीत सोन्याचे कण असतात असे पेपरात वाचले, म्हणून वावरात सोने शोधण्याचा नाद धरला आहे. तिने मान डोलावली. तुम्हाला मात्र खरे सांगतो, कारण तुम्ही माझे मित्र आधी आणि तिचे भाऊ नंतर. (हा क्रम निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी पाळावा.)

भाऊ, तिची सोन्याच्या मण्यांची एकदाणी हरवली आहे. म्हणजे हरवली नाही, जपून ठेवली आहे. कुठे ते सापडत नाही एवढेच. अठ्ठेचाळीस साली अजिंठ्याच्या डोंगरापलीकडून रझाकार उतरणार अशी आवई उठली, तेव्हा गावात प्रत्येकाने आपापले किडुकमिडुक दडवले. मी भूगोलाचा मास्तर. चुलीमागे किंवा कणगीत दडवणे मला अडाणीपणाचे वाटले. मी एकदाणी कुंकवाच्या पितळी डब्यात घातली, विहिरीकडच्या आमच्या केळीच्या बागेत दीड हात खोल पुरली आणि वहीत नकाशा काढला. उत्तर दिशा दाखवली, प्रमाण दिले आणि खाली लिहिले : ‘विहिरीपासून सातव्या ओळीतली तिसरी केळ, बुंध्याच्या पूर्वेस एक वीत.’ वही ट्रंकेत कुलूपबंद केली आणि सोने सुरक्षित आहे या समाधानात दहा वर्षे शांत झोपलो.

महिन्यापूर्वी लताचे लग्न ठरल्याचे तुमचे पत्र आले आणि सुगंधा म्हणाली, ‘आईची एकदाणी मी लताच्या गळ्यात घालणार.’ मी वही घेऊन वावरात गेलो. तिथे केळ नव्हती. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. आमचा वर्षाच्या बोलीचा सालदार वना बांधावर बसला होता, त्याला मी सहज विचारल्यासारखे विचारले, की पूर्वी इथे सातव्या ओळीत तिसरी केळ होती ती कुठे असेल. तो म्हणाला, ‘मास्तर, केयी काय एका जागी राह्यते का?’ मग त्याने मला, म्हणजे या गावात जन्मलेल्या माणसाला, केळ समजावून सांगितली. घड कापला की आईचा बुंधा तोडतात, शेजारून पिल वर येते, पुढच्या वर्षी तिच्या शेजारून दुसरी. केळ दरसाल वीतभर चालते, आणि कुठल्या बाजूला चालेल ते कोणाला विचारीत नाही. त्यात दहा वर्षांत ती बाग दोनदा मोडून नवी लावली, ओळीही फिरवल्या. मी चालत्या गाडीवर खूण करून ठेवली होती.

हसू नका. बत्तीस साली माझी नोकरी गेली होती, ते सहा महिने तुम्हाला आठवत असतील. तेव्हा तुमच्या बहिणीने न मागता ती एकदाणी काढून माझ्यापुढे ठेवली होती. मी ती परत तिच्या गळ्यात घातली आणि म्हणालो की ही माझ्या हाताने तुझ्या गळ्यातून कधी जाणार नाही. ती माझ्याच हाताने गेली. दहा वर्षांत तिने एकदाही विचारले नाही की कुठे ठेवलीत, आणि त्या न विचारण्याची मला फार लाज वाटते.

असो. यंत्रांकडे वळतो. पहिले चाळीसगावला रतिलालशेठकडे मिळाले. लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेला माल ते विकतात : बूट, तंबू, पाण्याच्या बाटल्या आणि हे सुरुंग शोधायचे यंत्र. लांब दांड्याला ताटाएवढी चकती, पाठीवर बांधायची पेटी आणि कानाला लावायचे दोन वाटोळे डबे. शेठ म्हणाले, याने जर्मनांचे सुरुंग शोधले, तुमचे वावर म्हणजे काय. विकत घेण्याची ऐपत नव्हती म्हणून दोन दिवसांच्या बोलीवर घेतले. (परतीच्या पॅसेंजरमध्ये माझ्याभोवती चार माणसांची जागा आपोआप रिकामी झाली. इतका ऐसपैस प्रवास मी जन्मात केला नव्हता.) वावरात पाय ठेवताच यंत्र गुणगुणू लागले ते थांबेना. मी खणत गेलो. दोन दिवसांत बैलांच्या नाला, नालांचे खिळे, मोडका फाळ, मोटेची कडी आणि एक घुंगरू निघाले. तीन पिढ्यांच्या बैलांनी त्या वावरात नाला गाळल्या आहेत आणि यंत्राला त्या सगळ्यांची माहिती होती. त्याला दोष देत नाही. सुरुंग शोधणाऱ्याने जे दिसेल ते सांगायचे असते, आवडनिवड करायची नसते. लोखंड सुगंधाने लोहाराकडे पाठवले आणि त्याचे दोन विळे करून आणले.

दुसरे यंत्र जळगावजवळ पिंप्राळ्यात चांद मिस्त्रीने बनवून दिले. माणूस रेडिओ दुरुस्तीत पटाईत. पिठाच्या चाळणीच्या कड्यावर तांब्याची तार गुंडाळली, जुन्या रेडिओचे दोन व्हॉल्व्ह बसवले आणि सांगितले, ‘मास्तर, बारीक शिटी वाजत राहील, खाली धातू आला की शिटी बदलेल.’ त्याच्या दुकानात शिटी बदललीही. वावरात मात्र चाळणीने रेडिओ सिलोन पकडले. पहिल्या गाण्याला पलीकडच्या वावरातल्या मिरच्या तोडणाऱ्या बायका बांधावर आल्या, दुसऱ्याला बसल्या, आणि तिसऱ्या दिवशी तर भाकरी बांधूनच आल्या. एका म्हातारीने आरती नसते का म्हणून विचारले. मधूनमधून शिटी ऐकू यायची आणि बदलायचीही, पण एकाच वेळी : सुगंधा पाण्याची कळशी घेऊन आली की. ती बांधावर दिसली की शिटी चढायची, ती परत गेली की उतरायची. आठवडाभरात त्या यंत्राने दिलेला एकच पक्का इशारा म्हणजे माझी बायको. मी यंत्र मिस्त्रीला परत दिले. आता ते त्याच्या दुकानात गाणी ऐकवते.

तिसरा इलाज सर्वांत स्वस्त, एका नारळात. वनाला जांभळीच्या दुबेळक्याने, म्हणजे दोन फाट्यांच्या काटकीने, जमिनीतले पाणी सांगता येते, तेव्हा सोनेही सांगता येईल असे त्याचे म्हणणे पडले. डोळे मिटून तो वावरभर फिरला आणि एका ठिकाणी काटकी खाली वाकली. तिथे आमची विहीर आहे. वना म्हणाला, पाणी तर बरोबर निघाले ना. नारळ आम्ही दोघांनी खाल्ला. खणायला मदत कर म्हटले तर म्हणतो, साल आखाजीला संपते आणि बोलीत सोने खणणे नव्हते. मी खणतो आणि तो निंबाखाली बसून मला कुदळ कशी धरावी ते सांगतो.

या सगळ्यात सुगंधाचा आधार मात्र मोठा आहे. बिचारी मनाने साधी. मी इथेतिथे उकरतो हे पाहून तिनेच सुचवले, की सोने शोधायचे तर शिस्तीने शोधा : दोरी धरून सरळ ओळीत, पाच-पाच हातांवर, दीड हात खोल. भूगोलाच्या मास्तराला ही पद्धत सुचू नये याचे मला वाईट वाटले. खणून झालेला खड्डा पुन्हा खणला जाऊ नये म्हणून ती खूण म्हणून प्रत्येकात टोपलीभर शेणखत टाकते. कालपर्यंत तीनशे बारा खड्डे झाले. सोने नाही, डबाही नाही. संध्याकाळी ती हातांच्या फोडांना तूप लावते आणि विचारते, ‘उद्या कुठून सुरू करणार?’ त्या वेळी खरे सांगून टाकावे असे फार वाटते. तोंडातून मात्र ‘नवव्या ओळीपासून’ एवढेच निघते.

वहिनींना नमस्कार, चि. लताला आशीर्वाद. गुडघ्याला तिळाचे तेल चालू ठेवावे.

आपला,
तोताराम

ता. क. : यंत्र असे पाहावे की ज्याला बैलाची नाल आणि एकदाणी यांतला फरक कळतो. गाणी न वाजवणारे असल्यास उत्तम.

ता. क. २ : यंत्राचे राहू द्या. खरे मागणे असे, की आपण मुलीचे वडील आहात. व्याह्यांना जुन्या घडणीचे दागिने आवडत नाहीत, लताला फक्त नव्या घडणीचेच घालायचे आहेत, असे एक पत्र सुगंधाच्या नावे लिहावे. व्याह्यांना हे कळण्याचे कारण नाही. माझी अब्रू आपल्या हातात आहे.

ता. क. ३ : पाकीट चिकटवायला घरात खळ नव्हती म्हणून ते सुगंधाकडे दिले आहे. ती चिकटवून टपालात टाकील. काळजी नसावी. माझे अक्षर लागत नाही असे ती लग्नापासून सांगत आली आहे.

भाऊ, दंडवत. मी सुगंधा. यांचं अक्षर मला पहिल्यापासून लागतं. एकदाणी तुमच्या पेटीत आहे तशीच राहू द्या, मी लग्नाला आले की लताच्या गळ्यात घालीन. यांनी पुरली त्याच्या दुसऱ्याच दिवशी वहीतला नकाशा वाचून मी काढली आणि त्या आखाजीला तुमच्याकडे आणून ठेवली, हे यांनी दहा वर्षांत विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. बत्तीस सालचं बोलणं यांना आठवतं हे मला आजच वाचून कळलं. वाचून डोळे भरून आले, तरी इतक्यात खरं कळवू नका. यंत्र पाहतो आहे, निवडतो आहे, असं लिहीत राहा. यंदा बठ्ठं वावर, या बांधापासून त्या बांधापर्यंत, केळीखाली आणायचं आहे आणि अजून आठ ओळी खणायच्या राहिल्या आहेत.